वन्सं आणि नवं मशीन

२ जून

आजपासून लिहायचं ठरवलं. माझी नणंद आणि मी एकाच घरात राहतो आणि रुग्णालयाच्या एकाच विभागात काम करतो. त्यामुळे कामावरचं गाऱ्हाणं घरी करायची सोय नाही आणि घरचं कामावर. नवऱ्याला सांगावं, तर ती त्याची मोठी बहीण. नुसती बहीण नाही, आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला. तिच्याविषयी मी अवाक्षर काढलं की हा वर्तमानपत्र तोंडासमोर धरतो. भिंतीशी बोलण्यापेक्षा वहीशी बरं.

घरी मी त्यांना वन्सं म्हणते, कामावर बाई. बायकांच्या छातीचे एक्स-रे काढणं हे आमचं दोघींचं काम. लग्न होऊन आले तेव्हा मी नुसते हातापायांचे फोटो काढत होते. हे नाजूक काम मला त्यांनीच शिकवलं.

आज विभागात नवं मशीन आलं. त्याला फिल्म लागत नाही, चित्र थेट पडद्यावर उमटतं. व्यवस्थापक साहेबांनी सांगितलं, ऑगस्टअखेरपर्यंत दोन्ही मशीन चालतील. जुन्या खोलीत बाई, नव्या खोलीत मी. कुणाकडे किती बायका होतात आणि वेळ कुठं जातो, ते बघायचं. पुढचं ते बोलले नाहीत. पण एका मशीनला दोन माणसं कशाला, हे कळायला काही ज्योतिषी लागत नाही.

वन्संच्या निवृत्तीला अजून अवकाश आहे. खरं लिहायचं तर मला जिंकायचंय.

९ जून

शिकवायला कंपनीचे एक गृहस्थ आलेत. स्वतःच्या मुलीचं स्थळ दाखवायला आणल्यासारखं मशीनचं कौतुक करतात. पण कौतुक खोटं नाही. बाईला उभं केलं, छाती प्लेटवर ठेवली, वरची पारदर्शक पट्टी खाली आणून दाबली, बटण दाबलं. आणि मी पट्टी सोडते न सोडते तोच चित्र समोर हजर. हललं असेल, कडेचा भाग सुटला असेल, तर तिथल्या तिथं दुसरं घ्यायचं. फिल्मवर हे कळायला डार्करूममध्ये जा, अंधारात कॅसेट उघड, फिल्म प्रोसेसरच्या तोंडात दे, ती दुसऱ्या टोकानं गरमगरम बाहेर येईपर्यंत थांब. तोवर बाई झगा घालून बाकावर कुडकुडत बसलेली. फोटो बिघडला असेल तर तिला पुन्हा उठवायचं आणि तिच्या डोळ्यांत भीती बघायची.

वन्संना बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या. "छान आहे," म्हणाल्या आणि गेल्या. मला राग आला. पाहुण्यांच्या घरचा पडदा बघावा तसं बघून गेल्या.

दुपारी मला हाक मारून कॅसेटचा ढीग उचलायला सांगितला. मी म्हटलं, "मशीन नवीन आलं म्हणून तुम्ही एकदम म्हाताऱ्या झालात की काय?" त्या हसल्या. "झाले बाई. आता तूच उचल."

२१ जून

माझ्याकडे त्यांच्या जवळजवळ दुप्पट बायका होतात. साहेब खूश आहेत. पण आज एक प्रकार झाला.

एक शाळामास्तरीण आली होती. बोलकी. मुलांच्या गमती सांगत होती. दुसऱ्या फोटोला ते पडद्यावर आलं. काटेरी कडांचा पांढरा डाग. फिल्मच्या काळात हे मी डार्करूममध्ये एकटी बघायचे. तिथं तोंड वाकडं झालं तरी बघायला कोण? आज ती माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती, पट्टीखाली दाबलेली. म्हणाली, "काय झालं? तुमचा चेहरा का असा झाला?"

मी काहीतरी बोलले. "मान जरा वर करा" वगैरे. पण तिला कळलं. पुढचे दोन फोटो होईपर्यंत ती शाळेबद्दल एक शब्द बोलली नाही.

रात्रीची भांडी घासताना न राहवून वन्संना सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "पडद्याचं तोंड फिरवून घे, आणि बटण दाबल्यावर आधी पट्टी सोड, बाईकडे बघ, मग पडद्याकडे. मशीनला घाई आहे, तुला कशाला?" मग म्हणाल्या, "आणि तुझा चेहरा वाचला तिनं, त्यात तुझी चूक नाही. बाईला आधीच माहीत असतं बरेचदा."

"आधीच कसं माहीत असेल?"

"हाताला लागतंच की," त्या म्हणाल्या आणि पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला लागल्या.

५ जुलै

आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टर आज माझ्यावर डाफरल्या. चष्मा डोक्यावर सरकवून म्हणाल्या, "तू फोटो काढतेस धडाधड, पण वाचायला डोळे माझे दोनच आहेत ना!" खरंच आहे. नवीन चित्र मोठं करून, उजळ करून, कोपरान् कोपरा बघावा लागतो. शिवाय तुलनेला जुन्या फिल्म लागतात. त्या पाकिटातून काढून दिव्याच्या पेटीवर लावायच्या आणि मान इकडून तिकडे फिरवत बसायचं. फिल्मचे गठ्ठे त्या चहा थंड व्हायच्या आत संपवायच्या. आता चहा दोनदा गरम होतो.

म्हणजे मी पुढच्या दारानं वेळ वाचवते आणि तो मागच्या दारानं निघून जातो. साहेबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "सवय झाली की डॉक्टरांचाही वेग वाढेल." त्यांनी तिथंच बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "वाढेल, नक्की वाढेल. फिल्मला आपणही सुरुवातीला रडलोच होतो." मला वाटलं होतं त्या खूश होतील. साहेबांसमोर त्यांनी माझ्या मशीनचीच बाजू घेतली. मला उगाचच ओशाळल्यासारखं झालं.

१६ जुलै

घरी त्यांचं वागणं बदललंय. वाळत घालायचे कपडे बादलीतच ठेवून देतात, दोरीवर मी टाकायचे. नवे कपडे शिवून आणले तेही दोन मापं सैल. परवा मी मागून येऊन खांद्यावर हात टाकला तर अंगावर पाल पडल्यासारख्या बाजूला झाल्या. जेवणही चिमणीचं.

नवऱ्याला म्हटलं, "वन्संना माझा राग आलाय. नवीन मशीन मला मिळालं ना." तो म्हणाला, "ताई कुणावर रागवत नाही." आणि वर्तमानपत्र.

रागवत नाही कसं? माणूसच आहे. आयुष्य ज्या खोलीत गेलं ती खोली उद्या बंद होणार. माझ्यावर नाही तर कुणावर रागावतील? मी त्यांच्या जागी असते तर मीही रागावले असते. हे समजूनही मला वाईट वाटतं ते वाटतंच.

३ ऑगस्ट

डॉक्टरांनी फर्मान काढलं, विभागातल्या चाळिशीपुढच्या सगळ्याजणींची तपासणी नव्या मशीनवर करून घ्यायची. "दिव्याखाली अंधार नको," म्हणाल्या. स्वागतकक्षातली झाली, झाडणारी झाली, खुद्द डॉक्टर झाल्या. माझे फोटो वन्संनी काढले. हात गार होते त्यांचे, पण काय सफाई! नवं मशीन पहिल्यांदा हातात घेऊन चारही फोटो एका झटक्यात. मग म्हटलं, "आता तुम्ही या."

"माझं झालंय गं. मागे सुट्टीत बाहेर करून घेतलं."

बाहेर? आजवर त्यांचे फोटो मी आणि माझे त्यांनी, असंच चालत आलंय. मधली दोन वर्षं कामाच्या रगाड्यात राहून गेलं, पण म्हणून बाहेर? माझ्या हातावर विश्वास नाही का? विचारलं नाही. विचारलं असतं तर भांडण झालं असतं.

२८ ऑगस्ट

फिल्मचं मशीन बंद झालं. म्हणजे होणार होतं. झालं ते संध्याकाळी, आणि कसं ते लिहिते. लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल.

शेवटची बाई गेली. प्रोसेसरमधली फिल्म धुवायची रसायनं ओतून तो रिकामा करायचा होता. वन्सं डार्करूमच्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "थांब. डेव्हलपर आत्ताच ओतू नकोस. माझे फोटो काढ."

"तुमचं तर झालंय ना बाहेर?"

"काढ म्हटलं ना."

मला वाटलं, जुन्या मशीनचा निरोप घ्यायचा असेल. मी हसतहसत म्हटलं, "मग नव्यावर काढू या की, चटकन होईल."

"नको," त्या म्हणाल्या. "यावरच काढ. तुला आत जाऊन यायला वेळ मिळेल."

तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

झगा घालून त्या मशीनसमोर आल्या. डाव्या बाजूचा झगा बाजूला केला आणि माझ्याकडे न बघता समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. फोटो काढायची गरजच नव्हती. कातडी आत ओढली गेली होती, संत्र्याच्या सालीसारखी झाली होती. मी हात लावला. दगड. काखेतही.

"वन्सं..."

"आधी काम. नीट घे. कड सुटू देऊ नकोस."

मी पट्टी दाबली. त्यांनी हूं की चूं केलं नाही. मी हजारो बायकांना दाबलंय. आज पहिल्यांदा वाटलं की हा हात माझा नसता तर बरं.

कॅसेट घेऊन आत गेले. अंधारात फिल्म आत सरकवल्या आणि प्रोसेसरला पाठ टेकून खाली बसले. आतल्या रूळांचा आवाज येत होता. फिल्म बाहेर पडल्या तरी मी त्या दिव्यावर धरल्या नाहीत. तोंडात पदर कोंबावा तसा कोट कोंबून रडले.

दारावर टकटक झाली. त्या कपडे घालून उभ्या होत्या. "बाहेर ये गं," म्हणाल्या. "किती वेळ! तुझ्या त्या मशीनवर एव्हाना दोन बायका झाल्या असत्या."

मी दार उघडलं. त्यांनी माझं तोंड स्वतःच्या रुमालानं पुसलं. उजव्या हातानं.

२९ ऑगस्ट

घरी मी ओरडले. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर आवाज चढवला नव्हता. "आयुष्यभर बायकांना सांगत आलात, उशीर करू नका! आणि स्वतः? तुम्हाला तर सगळं माहीत होतं!"

"माहीत होतं म्हणूनच," त्या म्हणाल्या. "भीती वाटली. बस्स. आणखी काय सांगू?"

मग सासूबाईंचं सांगितलं. सासूबाई पोटाच्या दुखण्यानं गेल्या असं मी ऐकत आले होते. पोट नव्हतं. हेच होतं. मलमपट्टी वन्संच करायच्या, जेमतेम सोळा-सतराच्या असतील. भाऊ लहान, म्हणून त्याला पोटाचं सांगितलं, आणि एकदा सांगितलं ते तसंच राहिलं. "तो वास मी विसरले नाही," त्या म्हणाल्या. "गेल्या हिवाळ्यात आंघोळ करताना हाताला लागलं, आणि मी साबण तिथून दुसरीकडे नेला. दुसऱ्या दिवशीही तसंच. रोज म्हणायचे, उद्या सांगू."

नवरा दारात उभा राहून ऐकत होता, आम्हाला कळलंच नाही. त्यानं बहिणीला काही विचारलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू रोज हेच काम करतेस. तुला दिसलं नाही?"

वन्सं म्हणाल्या, "तिला कशाला बोलतोस? मी दिसू दिलं नाही."

पण तो बोलला ते बोलला. आणि खोटं काय बोलला?

१९ सप्टेंबर

सुईनं तुकडा काढला, तपासला. पाठीच्या मणक्यांतही गेलंय. डॉक्टरांनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि चष्मा काढून डोळे चोळत बसल्या. शस्त्रक्रियेचा उपयोग नाही. औषधांनी काही महिने बरे जातील.

वन्संना सांगायला गेले तर म्हणाल्या, "तिला म्हणावं, रडू नकोस, चष्मा शोधत बसशील." डॉक्टर आणि त्या एकाच वर्षी इथं लागल्या होत्या.

१४ ऑक्टोबर

साहेबांनी बैठक घेतली. दोन्ही मशीनची तुलना पडद्यावर दाखवली. फोटो काढायचा वेळ बराच कमी, वाचायचा थोडा जास्त, गोळाबेरीज फायद्याची. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ते म्हणाले, एका तंत्रज्ञाची जागा कमी करता येईल. बाई आजारी रजेवर आहेतच, तेव्हा कुणाला दुखवायचा प्रश्न येत नाही.

म्हणजे मी जिंकले.

मी उठून म्हटलं, दोन बायकांच्या मध्ये मला थोडा मोकळा वेळ ठेवून द्या. एकीला नीट बाहेर सोडून मग दुसरीला आत घेईन. ते म्हणाले, "मग वाचवलेल्या वेळाचा उपयोग काय?" डॉक्टर एकदम म्हणाल्या, "हाच उपयोग." त्यांचा आवाज असा होता की साहेबांनी पुढचा विषय घेतला. होकार आहे असं मी धरून चालले आहे.

घरी येऊन वन्संना जागेचं सांगितलं नाही. मोकळ्या वेळाचं तेवढं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "आता तो वेळ कुणाला खाऊ देऊ नकोस. सगळे टपलेले असतात."

६ डिसेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं रोज तेच.

पुढच्या खोलीत, जिथं ऊन येतं, तिथं त्यांचा पलंग टाकलाय. केस गेले. नवरा सकाळी त्यांना खुर्चीत बसवतो, पायाला तेल लावतो. माझ्याशी तो जेवढ्यास तेवढं बोलतो. आज वन्संनी त्याला माझ्यासमोरच झापलं. "लहानपणी खेळणं मोडलं की शेजारच्या पोरांवर आळ घ्यायचास. अजून तसाच आहेस."

तो खाली बघत म्हणाला, "मग कुणावर घेऊ?"

"माझ्यावर घे की! मी कुठं जातेय?"

मग सगळ्यात आधी त्याच हसल्या. हसताना त्यांना दुखतं. तो उठून स्वयंपाकघरात आला, माझ्याशेजारी उभा राहिला आणि मी चिरत होते ती भाजी हातातून घेऊन स्वतः चिरायला लागला. वेडीवाकडी चिरली. मी तशीच फोडणीला टाकली.

२३ जानेवारी

आज शाळामास्तरीण आली होती. शस्त्रक्रिया होऊन गेली, दुसऱ्या बाजूचे फोटो काढायचे होते. स्वच्छ निघाले. पडद्याकडे बघायच्या आधी मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मागच्या वेळी तुमचा चेहरा बघून घाबरले होते खरी. पण बरं झालं. नाहीतर मी अहवाल न्यायलाच आले नसते, सांगते तुम्हाला."

घरी येऊन हे सांगायला वन्संजवळ बसले. त्या गुंगीत होत्या. तरी सगळं सांगितलं.

८ फेब्रुवारी

सकाळी श्वास जड होता. रजा टाकते म्हटलं तर त्यांनी डोळे न उघडता बोटानं दार दाखवलं. "जा. बायका ताटकळतील." नवरा म्हणाला, "जा तू, मी आहे." मी गेले. का गेले? त्यांचा शब्द मोडायची सवय नाही म्हणून गेले. आणि घरात बसवत नव्हतं म्हणूनही गेले. दोन्ही लिहून ठेवते.

गर्दी होती. फोन वाजला तेव्हा एक तरुण बाई पट्टीखाली होती, पहिल्यांदाच आलेली, घाबरून दात वाजत होते तिचे. मी फोन घेतला नाही. कुणाचा आहे ते कळलं होतं, कशासाठी तेही. चारही फोटो घेतले. तिला झग्याचे बंद बांधून दिले, बाहेर नेऊन बसवलं, पाणी दिलं. मग आत येऊन फोन लावला.

घरी पोहोचले तेव्हा नवऱ्यानं त्यांचं तोंड पुसून, अंगावरची चादर सरळ करून ठेवली होती. हात धरून बसला होता. मी दुसऱ्या बाजूनं बसले.

तो म्हणाला, "एकदा डोळे उघडले तिनं. तू कुठंयस ते विचारलं. मी म्हटलं, कामावर. तर म्हणाली, 'बरं झालं.'"

"आणखी काही?"

"नाही. तेवढंच."

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. बरं झालं म्हणजे मी कामावर गेले हे बरं झालं, की शेवटी मी त्यांच्याजवळ नव्हते हे बरं झालं? नवऱ्याला विचारलं. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्यानं माझा हात हातात घेतला. "तुला अजून कळलं नाही?" म्हणाला.

मला खरंच कळलेलं नाही.